बिनकामाचा बिंदू

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या पदरात जगाच्या नकाशावरचे तीन गोळीबंद बिंदू पडलेत, आणि त्यातल्या एकाचंही भूमिपूजन झाल्याचं अजून ऐकिवात नाही. इथली राजकीय जागरूकता बघता ही ढिलाई गंभीर आहे.

गोळीबंद म्हणजे पूर्ण अंशांचे. अक्षांश १८, रेखांश ७४. पुढं मिनिट नाही, सेकंद नाही, टिंबानंतर शून्याशिवाय काही नाही. या रेघा काल्पनिक असतात, असं शाळेत गुरुजींनी छडी आपटून सांगितलं होतं. त्या काल्पनिक रेघा एकमेकींना छेदतात तिथं खऱ्या पायांनी चालत जायचं, हातातल्या यंत्रावर सगळी शून्यं जमेपर्यंत पुढंमागं सरकायचं, चारी दिशांचे फोटो काढायचे आणि घरी यायचं, असा एक छंद जगात आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ॲलेक्स जॅरेट या गृहस्थांनी तो सुरू केला. हाताशी जीपीएस होतं, न्यू हॅम्पशायर राज्यात ४३ उत्तर-७२ पश्चिम हा बिंदू होता, आणि गोल आकड्याच्या जागी असतं तरी काय, एवढीच त्यांची शंका होती. मित्राला घेऊन गेले, बघून आले. आता जगभरची माणसं जातात. पृथ्वीच्या पाठीवर असे छेदबिंदू ६४,४४२. त्यातले बहुतेक समुद्रात, म्हणजे ते माशांना सोडलेले. उरलेल्यांसाठी माणसं वाळवंट तुडवतात, दलदलीत रुततात आणि कुणाच्या तरी कुंपणावरून उडी टाकून कुत्र्यापुढं पळतात.

आपल्या वाट्याचे तीन असे. पहिला १८–७४. पुण्याहून येताना खंबाटकी घाट उतरला की वेळे-सुरूरचा टापू लागतो, वाईला जायला जिथून वळतात, त्याच्या आसपास. महामार्गावरच्या हजारो गाड्या रोज त्याच्या शेजारून पळतात आणि चहाला थांबतात ती माणसं बिंदूकडं पाठ करून थांबतात. सुरूरला धावजी पाटलांचं देऊळ आहे. करणी काढायला, अंगातलं उतरवायला लोक लांबलांबून तिथं येतात. त्यामुळं हातात काहीतरी धरून आभाळाकडं बघत पुटपुटणारा माणूस शिवारात दिसला तर इथं कुणी फारसं चमकणार नाही. ही सोय बाकीच्या दोन बिंदूंना नाही.

दुसरा १७–७४. शिराळ्याच्या पश्चिमेला, वारणेच्या खोऱ्यात, कोकरूडच्या अंगाला, सांगली-कोल्हापूरची शीव नदीबरोबर वळणं घेते तिकडं. तिसरा १७–७५. कवठेमहांकाळ आणि जत यांच्या मधे, डफळापूरच्या बाजूला.

पहिले दोन एकाच रेघेवरचे. ही ७४ ची रेघ मधे सातारा शहरातून जाते, मग उरमोडी, तारळी, कोयना अशा नद्या ओलांडत वारणेत उतरते. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंशांवर लावलेलं असल्यामुळं या रेघेवर सूर्य माथ्यावर यायला सरासरी १२ वाजून ३४ मिनिटं होतात. कचेरीत साहेब साडेबाराला जेवायला उठतात त्याला खगोलशास्त्राचा आधार आहे, हे आजवर कुणी लक्षातच घेतलं नव्हतं.

आता तसं बघितलं तर सातारा जिल्ह्याला पॉइंटांचं अप्रूप नाही. महाबळेश्वरात पॉइंटच पॉइंट आहेत. आर्थर, एल्फिन्स्टन, विल्सन, लॉडविक. साहेब गेले, त्यांच्या नावाचे कडे राहिले आणि कड्यांवर मक्याची कणसं भाजायला लागली. पॉइंट म्हटला की खाली दरी पाहिजे, पाठीमागं घोडा पाहिजे आणि हातातली कणसं पळवायला माकड पाहिजे. आमच्या बिंदूंपाशी यातलं काही नाही. घरी सांगून बघा. ‘रविवारी कुठं निघालात?’ ‘सतरा-चौऱ्याहत्तरला.’ ‘तिथं काय आहे?’ ‘काही नाही.’ एवढं बोलून झाल्यावर डबा आपला आपणच भरायचा असतो.

आमचे एक स्नेही या नादाला लागले. बँकेतून निवृत्त झालेले आहेत. दिवसाचा हिशेब जुळून फरक शून्यावर आल्याखेरीज त्यांनी तीसेक वर्षं शाखा सोडली नाही, त्यामुळं पडद्यावर शून्यं जमवण्याचा खेळ त्यांना मानवला यात नवल नाही. वारणा खोऱ्यातल्या बिंदूकडं त्यांच्याबरोबर चालत निघालो.

रस्ता सोडला की बांध. बांध संपला की ऊस. उसात शिरणं हे काम नकाशावर अगदी सोपं दिसतं, कारण नकाशात ऊस नसतो. आत शिरल्यावर आभाळ जातं, पाचट पायात येतं, पानांच्या कडा कानशिलं आणि मनगटं ओरबाडतात, आणि घामावर कुसळं बसून अशी खाज सुटते की अक्षांश कुठला नि रेखांश कुठला. शिवाय या भागातल्या उसात बिबट्या विणीला येतो, हे वनखात्यापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मादीला तिथं पोरं वाढवायची असतात. आपल्याला नुसती शून्यं बघायची असतात. तिचं काम जास्त महत्त्वाचं आहे हे ओळखून आम्ही वळसा घातला.

मोकळ्या रानात आल्यावर खरा खेळ सुरू झाला. टिंबानंतरचा पाचवा आकडा एकानं बदलला की तुम्ही जेमतेम मीटरभर हललेले असता. मोबाईलची नेम धरण्याची ताकद मात्र चार-पाच मीटरची. म्हणजे माणूस जागेवर आणि आकडा चालू. स्नेही दोन पावलं डावीकडं गेले. ७३.९९९९७. एक पाऊल पुढं. ७४.००००२. थांबले. श्वास रोखून धरला. आकडा तेवढ्यात ७३.९९९९९ वर येऊन पुन्हा पळाला. मोबाईल डोक्यावर धरून, कंबरेत वाकून, एक पाय सरीत आणि एक पाय वरंब्यावर, अशा अवस्थेत निवृत्त शाखाधिकारी दिसले की गाव गोळा होणारच.

‘कोन गावचं पावनं?’ आबा धोतराचा सोगा सावरत बांधावर आले. मागून दोन बायका, एक तरणा पोरगा, दोन बारकी पोरं.

स्नेह्यांनी गावाचं नाव सांगितलं.

‘रस्ता जानार हाय काय हितनं?’

नाही म्हटलं. मग पवनचक्की? नाही. कॅनॉल? नाही. टॉवर? तेही नाही. ‘मंग मोजनीवालं असनार,’ एक मावशी ठामपणे म्हणाल्या, ‘वाटनीचा अर्ज टाकलाय न्हवं वरच्या आळीनं.’ वरच्या आळीचं नाव निघाल्याबरोबर हवा बदलली. स्नेह्यांनी घाईनं पृथ्वी, तिच्यावरच्या रेघा, त्या रेघांचा छेद हे सगळं समजावलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘तितं पुरलंय काय?’

शेवटी त्या तरण्या पोरानं निकाल दिला. ‘काय न्हाई वो आबा, युट्यूबवालं हायती.’ तत्क्षणी सगळ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. बारकी पोरं फोटोत यायला पुढं सरकली. बिनकामाचं हिंडणाऱ्या माणसासाठी गावाकडं आता एक खातं उघडलेलं आहे, आणि ते नसतं तर आमचं काय झालं असतं सांगवत नाही.

पण आबा व्यवहारी. यंत्र आयतं बांधावर आलंय, तर तेवढा आमच्या धाकट्या भावानं कोरलेला बांध बघून द्या म्हणाले. भांडण दोन फुटांचं होतं. स्नेह्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की या मोबाईलमध्ये चार-पाच मीटरचा फरक पडतो. आबांनी मनात हिशेब केला. ‘म्हंजे पंधरा फूट? आनि तुमी हितं नेमका ठिपका धरायला आलाय व्हय?’

बँकेच्या तपासणीतही स्नेह्यांना इतका थेट शेरा कुणी मारला नव्हता.

आबांच्या प्रश्नांना हसायचं कारण नाही. हातात यंत्र घेऊन शिवारात शिरणारा माणूस काहीतरी घेऊन जायलाच आलेला असतो, हा या खोऱ्याचा अनुभव आहे. इंग्रजांनी जंगलं मोजली आणि पाठोपाठ कायदा आला. १९३० साली याच टापूत बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला, तो काही हौसेनं नाही. पुढं चांदोलीला वारणेवर धरण आलं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान आलं, मग व्याघ्र प्रकल्प. दर वेळेस आधी कुणीतरी खांद्यावर तिपाई टाकून आलं, दगडावर रंगाचा ठिपका मारून गेलं, आणि काही वर्षांनी गाव उठलं. अगदी अलीकडं शक्तिपीठ महामार्गाची मोजणी सांगली-कोल्हापुरातल्या शेतकऱ्यांनी अडवली. ठिपका मारणाऱ्याला चहा द्यायचा की काठी दाखवायची, एवढाच निर्णय इथं घ्यायचा असतो. ‘आम्हाला काही नको, नुसतं उभं राहायचंय’ असं म्हणणारा माणूस तर सगळ्यात जास्त संशयास्पद.

गंमत पुढंच आहे. हाच छंद महाराष्ट्र सरकारनं १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यातल्या तमाम खातेदारांना सक्तीनं लावलाय. त्याचं नाव ई-पीक पाहणी. मोबाईल घेऊन स्वतःच्या गटात जायचं, पिकात उभं राहायचं, उपग्रह सापडेपर्यंत थांबायचं, फोटो काढायचा. फोटोला अक्षांश-रेखांश आपोआप चिकटतात. भलत्या जागी उभं राहिलात तर ॲप सांगतं, तुम्ही गटापासून लांब आहात. आज्याच्या, पणज्याच्या रानात उभ्या असलेल्या माणसाला आभाळातून उत्तर येतं की बाबा रे, तू तुझ्या रानात नाहीस. मग तो दोन पावलं डावीकडं जातो, एक पाऊल पुढं. स्नेह्यांनी केलं तेच. फरक इतकाच की स्नेह्यांची शून्यं जमली नसती तर ते घरी येऊन जेवले असते. शेतकऱ्याची नोंद झाली नाही तर सातबाऱ्यावर पीक चढत नाही, आणि पीक चढलं नाही की विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, सगळं अडतं.

पूर्वी हे काम तलाठी करायचे. चावडीत बसून सबंध गावाची पिकं त्यांना दिसत. उपग्रह लागत नसे, अंतर्ज्ञान होतं. त्या काळात रान पडीक असलं तरी सातबाऱ्यावर ज्वारी डोलायची. आता रानात ज्वारी डोलते आणि सर्व्हर डोलत नाही.

डोंगरातल्या वाडीवर तर आणखी मौज. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवर फिरतात, ते मोबाईलला पटकन सापडतात. गावचा टॉवर दोन डोंगरांपलीकडं, तो सापडत नाही. म्हणजे तुम्ही पृथ्वीवर नेमके कुठं आहात हे तुम्हाला कळतं, सरकारला कळवता येत नाही. त्यासाठी पुन्हा टेकाड चढायचं. पाठीवर पिशवी, डोक्याला टोपी आणि हातात काठी घेऊन शहरातला माणूस एकदा बिंदूवर जाऊन आला की त्याचं साहस होतं. शिराळ्याच्या डोंगरात नातवाचा मोबाईल पदरात बांधून खरिपाला आणि रब्बीला रान गाठणाऱ्या म्हातारीला मात्र कुणी साहसी म्हणत नाही. तिला लाभार्थी म्हणतात.

पोस्टखात्यानंही २०२५ साली आपले हात धुऊन घेतले. डिजिपिन काढला. साऱ्या देशाचे चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांचा पत्ता दिला. ‘मारुतीच्या देवळामागं, पडक्या वाड्याच्या बोळात, कुत्रं चावतं ते घर नव्हे, त्याच्या पलीकडचं’ या पत्त्यावर आजवर एकही मनिऑर्डर चुकली नव्हती, ही अडचण त्यामुळं दूर होईल.

या सगळ्या उद्योगाचा मूळ पुरुष आपल्या महाराष्ट्रात पुरलेला आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक. विल्यम लॅम्ब्टन. १८०२ साली त्यानं मद्रासजवळ मोजणीची पहिली साखळी टाकली आणि अर्ध्या टनाचं थिओडोलाइट माणसांच्या जिवावर टेकड्या-गोपुरांवर चढवत तो भारत मोजत वर निघाला. वीस वर्षं मोजत राहिला. हैदराबादहून नागपूरकडं जाताना जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला, तिथंच त्याची कबर आहे. त्याच्या खुर्चीत पुढं आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टच्या नावानं जगातलं सर्वांत उंच शिखर झालं. ते शिखरही मोजलं दुसऱ्यांनीच, एव्हरेस्ट निवृत्त झाल्यावर. काम करणाऱ्याला हिंगणघाट आणि साहेबाला हिमालय, ही वाटणी आपल्या खात्यांत इंग्रजांपासून चालत आलेली आहे.

त्या मोजणीवर उभे राहिलेले भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे म्हणजे अंशाअंशाचे चौकोन. आमचा १७–७४ बरोबर चार चौकोनांच्या कोपऱ्यावर येतो. ४७ जी, ४७ एच, ४७ के आणि ४७ एल. मोठ्या मापाचे कागद घ्यायचे तर ४७ जी/१६, ४७ एच/१३, ४७ के/४ आणि ४७ एल/१. म्हणजे हा एक ठिपका सरकारी कागदावर बघायचा तर चार नकाशे विकत आणून कोपऱ्याला कोपरा डकवायचा. चारांत आहे आणि एकाच्याही पोटात नाही. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, बांधकाम खातं आणि पाटबंधारे यांच्या मधोमध सापडलेल्या पुलाची आठवण ज्यांना होईल त्यांनी ती मनात ठेवावी.

बरं, चार नकाशे जोडून मिळालेला बिंदू आणि मोबाईलवरचा बिंदू एक नव्हेत. जुने नकाशे एव्हरेस्टनं १८३० साली ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर काढलेले, उपग्रह नव्या आकारावर चालतात. दोन्हींत एखाद्या शेताइतकं अंतर पडतं. हे बांधकरी लोकांना सांगू नये. वरच्या आळीचा वकील जुनी पृथ्वी लावेल, खालच्या आळीचा नवी, आणि दावा नातवंडांपर्यंत जाईल. सरकार आता ई-मोजणीत रोव्हर नावाची यंत्रं आणतं आहे, त्यांचा नेम सेंटीमीटरचा. आबांचे दोन फूट त्यात नक्की सापडतील. दोन फूट सापडल्यावर दोन भावांचं पुढं काय होईल, ते यंत्राच्या माहितीपुस्तकात दिलेलं नाही.

आणि सेंटीमीटरची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक. भारताची सगळी भूपट्टी ईशान्येला सरकते आहे, वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर. उपग्रहांचा हिशेब पृथ्वीच्या मध्याशी बांधलेला, तो काही आपल्याबरोबर सरकत नाही. जॅरेटसाहेबांनी १९९६ साली छंद सुरू केला तेव्हापासून आजवर दीडेक मीटर. म्हणजे वारणेकाठचा ज्याचा कुणाचा तो गट आहे, तो बिंदूखालून हळूहळू निघून चाललाय. धाकट्या भावाला बांध कोरायला रात्रीचं यावं लागतं, बैल जुंपावे लागतात. इथं दिवसाढवळ्या सबंध देश कोरला जातोय, आणि तहसीलदाराकडं एक साधा अर्ज नाही.

स्नेही म्हणतात, या खेळाला खरी गंमत आली ती जीपीएसला मिळालेल्या एका सवलतीनं. अमेरिकन लष्कर नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम खोट मिसळत असे. शंभरेक मीटरपर्यंत घोळ व्हायचा. १ मे २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी ती खोट काढून टाकायचं जाहीर केलं आणि त्यानंतर दोनच दिवसांत ओरेगॉनमध्ये एकानं जंगलात बादली पुरून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधा म्हणाला. लोकांनी शोधली. त्या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. आबांचा ‘तितं पुरलंय काय?’ हा प्रश्न मग इतका अडाणी राहत नाही. फक्त आबांच्या डोक्यात मोहरांचा हंडा होता आणि ओरेगॉनच्या बादलीत बीन्सच्या डब्यासारख्या किरकोळ चिजा.

मला भीती आहे ती वेगळीच. एखाद्या दिवशी हे कुणा कार्यकर्त्याच्या कानावर जाईल. ‘जगाच्या नकाशावर आपलं गाव’ असा फ्लेक्स लागेल. पेव्हर ब्लॉक येतील, हायमास्ट येईल, स्वागत कमान येईल, कमानीवर बिंदूपेक्षा ठळक चेहरे येतील. ठेकेदार चौथरा बांधेल तो ट्रक जिथपर्यंत जातो तिथं. बिंदू राहील दोनशे मीटर पलीकडं, त्याच्यावर यथावकाश सार्वजनिक शौचालय. कुणी तक्रार केलीच तर चौथऱ्यावर आकडे बदलून देता येतील. नागपूरला १९०७ साली मोजणीखात्यानं एक दगड रोवला, त्याचं पुढं झिरो माईल झालं, शेजारी घोडे आले आणि तोच देशाचा मध्य असल्याचं लोक शपथेवर सांगू लागले. मोजणीच्या दगडाला नुसतं मोजणीचा दगड म्हणून राहू देणं आपल्याला जमत नाही. त्याला शेंदूर तरी लागतो नाहीतर निधी तरी.

राहिला डफळापूरकडचा १७–७५. तिथं जाणं तिघांत सगळ्यात सोपं. ऊस कमी, झाड कमी, आभाळ चिक्कार. मोबाईलला डझनभर उपग्रह एका दमात दिसतात. याच जत तालुक्यातल्या गावांनी २०१२ साली कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता, तो भाषेसाठी नव्हे, पाण्यासाठी. दहा वर्षं तो ठराव मुंबईत कुणाला सापडला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या ४० गावांवर हक्क सांगायची भाषा केली आणि एका रात्रीत ही गावं सगळ्यांना नकाशावर दिसायला लागली. कॅमेरे आले, मंत्री आले, अस्मिता आली. अक्षांश-रेखांश कुणालाच विचारावे लागले नाहीत. पाणी थोडं मागून आलं. म्हैसाळहून उपसलेली कृष्णा आता तालुक्यात बऱ्याच शिवारांत पोचली आहे, द्राक्षं आणि डाळिंबं दिसतात. सगळीकडं पोचली असं नाही.

तिथल्या एका माळावर स्नेह्यांनी पाच-सहा शून्यं एका रांगेत धरली, खूश झाले, आणि शेजारी शेरडं राखणाऱ्या गड्याला म्हणाले, ‘इकडं यायचं तर उन्हाळ्यातच यावं. रान मोकळं असतं, अडथळा नाही.’

गड्यानं शेरडांना हाळी दिली. म्हणाला, ‘पावसाळ्यात या की. तवा बी मोकळंच असतंय.’